तेल प्यालेलं फडकं

करपल्याचा वास आधी मावशींना आला. "अरे, कुणाचा सदरा जाळतोयस?" घड्या घालायच्या टेबलाजवळून त्या ओरडल्या, तेव्हा कुठे त्याने इस्त्री उचलली. पांढऱ्या कॉलरवर इस्त्रीच्या टोकाची पिवळसर होडी उमटली होती. लाँड्रीत कामाला लागल्यापासून असा डाग त्याच्या हातून कधी पडला नव्हता. डोकं कुठेही भटकत असलं तरी हात आपले आपण चालायचे. "मालकाचं मी बघते, तू जरा पाणी पी," असं म्हणत मावशींनी सदरा ओढून घेतला. पण तो पाणी प्यायला हलला नाही. करपलेल्या कापसाचा वास नाकात होता आणि त्या वासाच्या पाठोपाठ, दाराबाहेर ताटकळत उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा, दुसरा एक वास आत आला. तो या दुकानातला नव्हता. जवसाच्या तेलाचा होता. आणि तेलाच्या मागोमाग फडकं आलं. सकाळचं, तेलाने ओथंबलेलं, त्याच्याच मुठीत चुरगळून लाडवाएवढं झालेलं. ते त्याने तालमीतल्या काठ्यांच्या कपाटात खालच्या फळीवर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर टाकलं होतं. आणि वर कपाटाचं दारही लावलं होतं.

दुकानातल्या कुणाला हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग काय झालं, फडकंच तर आहे. पण जवसाचं तेल सुकतं ते पाण्यासारखं उडून जाऊन नव्हे. ते हवेतलं काहीतरी पीत घट्ट होतं, आणि होता होता तापतं. काठीवर पातळ हात दिला तर ती ऊब कुणाला कळतही नाही. फडकं मात्र चुरगळून ठेवलं की ऊब त्याच्या पोटात अडकते, वाढत जाते, आणि दुपारपर्यंत कधीतरी, कुणी काडी न लावता, फडकं आपलं आपण पेट घेतं. हे त्याला पोरवयापासून माहीत होतं. श्वास घ्यायचा असतो हे जसं माहीत असतं तसं. लाठी शिकवणाऱ्या बाईंनी त्याला लाकडाबद्दल जे जे शिकवलं त्यातलं हे पहिलं. बाई नुसतं शिकवत नसत, कामाच्या लयीत दोन ओळी जुळवून म्हणत, म्हणजे त्या अंगात मुरत:

तेल प्यालेलं फडकं, नको चुरगळून ठेवू
दोरीवर टाक त्याला, वाऱ्याशी बोलू देऊ

आणि त्या कपाटाच्या शेजारीच बाईंच्या खोलीचं दार. दुपारचं जेवण झालं की बाई त्या दाराआड झोपतात. गुडघे गेल्यापासून त्यांना चटकन उठता येत नाही.

"मावशी, मी जातो," तो म्हणाला. चपलेत पाय घालताना डावी-उजवी बदलली, तीही तशीच राहिली. "अरे पण कुठं? आणि हे गाठोडं कोण करणार, मी?" मावशींचा आवाज रस्त्यापर्यंत मागे आला. त्याने चालता चालताच बाईंना फोन लावला. घंटी वाजत राहिली. वाजणारच, कारण बाई दुपारी फोन जुन्या स्वेटरात गुंडाळून फडताळात ठेवतात. "दिवसभर बडबडतो बिचारा," म्हणतात, "त्यालाही झोप हवी." हे आठवून एरवी तो हसला असता. त्याने पुन्हा लावला, पुन्हा. स्वेटराच्या लोकरीत रुतलेली ती घंटी त्याला इथून ऐकू येत होती. वरच्या मजल्यावर शिक्षिका राहते, पण ती या वेळी शाळेत. बस आली, तो चढला, आणि खांब धरून उभा राहिला तेव्हा तळव्याला अजून तेलाचा बुळबुळीतपणा असल्यासारखं वाटलं. खरं तर सकाळी दोनदा साबण लावला होता.

सकाळी काय झालं होतं? काही नाही, फोन आला होता. वर्षातून एकदा सगळ्या काठ्या खाली काढून, पुसून, तेल द्यायचा तो दिवस. कामावर जायच्या आधी तासभर हातात होता. लांब काठ्या झाल्या होत्या, आखूड दांडे झाले होते, लाकडी तलवारींपैकी शेवटची मांडीवर होती. बाई मागच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालत होत्या. तेवढ्यात बाईंच्या मुलाचा फोन. दोघं एका वयाचे, एकाच खोलीत एकमेकांच्या नडग्या फोडून मोठे झालेले. तो आता दूरच्या शहरात असतो. "लाकड्या," तो म्हणाला होता, "परवा आईनं दूध गॅसवर ठेवलं आणि झोपली. वरच्या बाईंनी दार ठोकलं म्हणून बरं. माझ्याच्यानं आता होत नाही रे हे लांबून. पुढच्या आठवड्यात येतो आणि तिला घेऊन जातो. तालमीची खोली बंद करू." मग जरा थांबून म्हणाला, "काठ्यांचं काय करायचं ते तू ठरव." याने फक्त "बरं" म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर शेवटच्या तलवारीला तेल लागलं की नाही हेही त्याला कळलं नाही. काठ्यांचं काय करायचं. जसं काही त्या एखाद्याच्या घरी उरलेल्या खुर्च्या होत्या. त्याने त्या एकेक करून आडव्या खुंट्यांवर निजवल्या, मूठ वळली, मुठीत फडकं होतं, मूठ उघडली. बस्स. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फडक्याकडे न बघता त्याने दार लावलं होतं.

बस हळूहळू चालली होती. पुढे कुठेतरी रस्ता उकरला होता. खिडकीशी बसलेली एक बाई केळं खात होती, अगदी निवांत, आणि त्याला तिचा हेवा वाटला. तिच्या घरी काही पेटत नव्हतं. बाईंच्या मुलाला फोन करायला हवा, हे त्याला चढल्याबरोबर कळलं होतं, आणि तरी एक थांबा गेला, दुसरा गेला, बोट त्या नावावर ठेवलेलं तसंच राहिलं. फोन केला की संपलं. आईच्या हातून दूध उतू गेलं म्हणून तो तिला नेणार होता. आता तर तिचा लाकड्याच, ज्याच्या भरवशावर ती एकटी राहते, तोच तिच्या उशाशी विस्तव ठेवून गेला. मग पुढचा आठवडासुद्धा कशाला, तो उद्याच येईल. फोन नाही केला, आणि फडक्याला काही झालं नसेल, तर कुणालाच कळणार नाही. हा विचार मनात आला तेव्हा त्याचा चेहरा खिडकीच्या काचेत दिसला. तो त्याला ओळखीचा वाटला नाही. त्याने बटण दाबलं.

"काय रे?" पलीकडून आवाज आला. त्याने सांगितलं. एका दमात, काही न वगळता, आपलं नाव आधी घेऊन. मग बाईंचा मुलगा म्हणाला, "तू कुठं आहेस?"

"बसमध्ये. पुलाच्या अलीकडे."

"उतर आणि पळ. फोन बंद करू नकोस, खिशात ठेव. धूर दिसला तर ओरड, मी इकडून बंबाला फोन लावतो."

"मी..."

"अरे पळ ना, गाढवा!"

तो उतरला. पळू लागला. वरच्या खिशात फोन, फोनमध्ये बालपणीचा सोबती, छातीवर धडधडतोय की आपलीच छाती धडधडतेय ते कळेना. पुलावरून खाली उतरताना समोर काळा धूर दिसला. पण ते डांबराचं पिंप होतं. रस्ता उकरणाऱ्यांनी भर रस्त्यात चूल पेटवली होती आणि एक माणूस बांबूने पिंप ढवळत होता. "ओ भाऊ, बघून!" तो माणूस म्हणाला. "धूर आहे, पण डांबराचा," त्याने खिशाला सांगितलं. खिसा म्हणाला, "चल, चल."

पळताना माणसाला विचार करता येत नाही म्हणतात, पण त्याला तर एकेक काठी वेगळी आठवत होती. ती गाठीची, जिच्या मधोमध लाकडाने डोळा मिटल्यासारखा एक गोल आहे. ती हलकी, मुलींना आवडणारी. ती जुनी, जिला एका टोकाला तिरपी टिचकी मारली की आता किंचित बसका, आतून तडकल्याचा आवाज येतो आणि म्हणून जी आता कुणाच्या हातात द्यायची नाही, नुसती निजवून ठेवायची. पहिल्या दिवशी तो काठी फिरवायला मिळेल म्हणून गेला होता, आणि बाईंनी हातात जुन्या सुती कापडाचा तुकडा दिला होता. "शेंड्यापासून बुडख्यापर्यंत पुसत ये. कापड कुठं अडकलं तर सांग." कापड अडकलं की तिथे कुसळ उठलेलं असतं, ते आज बारीक कागदाने घासलं नाही तर उद्या कुणाच्यातरी तळहातात जातं. महिनाभर तो नुसता पुसत होता. उभा राहायचा तो ताठ, मान वळवायची तर अख्खा वळायचा, तेव्हा बाईंच्या मुलानेच नाव पाडलं, लाकड्या. बाई म्हणाल्या होत्या, "असू दे की. लाकूड वाईट नसतं. नीट निजवलं की सरळ राहतं." भिंतीला टेकवून ठेवलेली काठी दिसली की मात्र त्या, कुणी का असेना, कान धरायच्या. टेकवलेली काठी आपल्याच ओझ्याने वाकते, दिवसागणिक थोडी थोडी, बघणाऱ्याला न कळता. खिडकीच्या उन्हात ठेवली तर तडकते, न्हाणीघराच्या भिंतीजवळ ठेवली तर फुगते. त्याच्याही दोन ओळी होत्या:

नको उन्हात ठेवू, नको ओलीच्या शेजारी
जित्या जिवाचं लाकूड, त्याला दोन्हीची बेजारी

आणि इस्त्रीसुद्धा त्याने पहिल्यांदा बाईंकडेच हातात धरली होती, कपड्यासाठी नव्हे, काठीसाठी. काठीवर काठी आदळली की लाकूड दबतं, खळगा पडतो. बाई त्याला खळी म्हणत. खळीवर ओलं फडकं ठेवायचं, वरून गरम इस्त्रीचं टोक जपून टेकवायचं, चुस्स करून वाफ आत शिरते आणि दबलेलं लाकूड हळूहळू वर येतं, झोपेतून उठल्यासारखं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा तो इतका हरखला होता की बाईंच्या मुलाच्या डोक्यावरच्या टेंगळावर इस्त्री ठेवून बघू का, असं त्याने विचारलं होतं. लाँड्रीच्या मालकाने नोकरी देताना विचारलं, आधी कुठं केलंय काम? तेव्हा तो खरं तेच बोलला होता, काठ्यांना इस्त्री केलीये. मालक हसला होता आणि हसण्याच्या भरात त्याने त्याला ठेवून घेतलं होतं.

गल्लीचं तोंड आलं. त्याने आधी श्वास घेतला, नाकाने, खोल. कुणाच्यातरी घरच्या फोडणीचा वास, गटाराचा, नव्या रंगाचा. मग दिसलं घर. कौलांवरून काही निघत नव्हतं. खिडकीच्या गजांतून काही निघत नव्हतं. दार आतून नुसतं लोटलेलं होतं, ते त्याने खांद्याने ढकललं आणि तालमीच्या खोलीच्या त्या गार, अर्धवट अंधारात, चपला न काढता, आयुष्यात पहिल्यांदा चपला न काढता, तो कपाटापर्यंत धावला. दार उघडलं. वर एकाखाली एक काठ्या निजल्या होत्या, सकाळच्या तेलाने तुकतुकीत, तान्ह्या बाळांना न्हाऊ घालून ओळीने ठेवावं तशा. खालच्या फळीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. गठ्ठ्यावर तेलाचा एक गोल डाग होता. आणि फडकं नव्हतं.

त्याने हात घालून गठ्ठ्यामागे बघितलं. वर्तमानपत्रं उचलली, खाली बघितलं. गार होतं सगळं. "काय झालं? बोल ना!" खिसा ओरडत होता. "नाहीये," तो म्हणाला, "फडकं नाहीये इथं." आणि वळला. मागचं दार उघडं होतं. दारातून अंगणाचा एक चौकोन दिसत होता, त्या चौकोनात दोरी, आणि दोरीवर, सगळ्या चुण्या मोडून ऐसपैस पसरलेलं, वाऱ्याने पोट फुगवून पुन्हा सोडत असलेलं ते फडकं. त्याच्या दोन्ही कोपऱ्यांना दोन चिमटे.

तो उंबऱ्यावर बसला. रडू येईल असं त्याला वाटलं, पण निघालं ते हसू, विचित्र, उचकीसारखं. फडकं हललं. अलीकडची बाजू सुकत आली होती, कडा ताठरल्या होत्या. किती साधी गोष्ट, दोरी, वारा, एक मळकं कापड. याहून सुंदर काही आपण बघितलं असेल, असं त्याला त्या क्षणी वाटेना. जगात सगळं जिथल्या तिथे होतं. कुंड्या ओल्या होत्या. भिंतीवरून मुंग्या चालल्या होत्या आणि त्यांनाही काही झालं नव्हतं.

"कोण आहे रे? चपला घालून कोण आत आलं?" बाई दारात उभ्या होत्या, एक हात चौकटीला, केस झोपेने विसकटलेले. त्याने झटकन चपला काढल्या. त्या उलट्या पायांत होत्या हे तेव्हा दिसलं.

"मीच, बाई."

"लाकड्या? आज कामाला सुट्टी? चहा घेतोस?"

"घेतो. बाई, हे फडकं तुम्ही टाकलंत दोरीवर?"

बाईंनी दोरीकडे बघितलं. नीट बघितलं, डोळे बारीक करून. त्यांच्या चेहऱ्यावर काही शोधत फिरल्याची सावली आली आणि गेली. "मी? नाही बाई. मी तर जेवून आडवी झाले. तूच टाकलं असशील."

"मी नाही टाकलं. मी विसरलो. चुरगळून कपाटात ठेवून गेलो होतो."

"वेडा आहेस का," बाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "असं करत नाहीत. पेटतं ते." आणि मग जराशा वैतागाने, "मग आपल्या पायांनी चालत गेलं का दोरीवर? चहा घेतोस ना?"

"घेतो," तो पुन्हा म्हणाला. खिशातून खरखर आवाज आला. तो फोन विसरलाच होता. तो कानाला लावला. त्याने हळू आवाजात सांगितलं, फडकं दोरीवर आहे. मी ठेवलं होतं तिथून बाईंनी काढून वाळत घातलंय. त्यांना आठवत नाहीये.

"ऐकलं मी सगळं," बाईंचा मुलगा म्हणाला. मग एकदम, भलत्याच आवाजात, "चिमटे लावलेत का रे?"

"हो."

"कसे? मधोमध एक, की कोपऱ्यांना?"

"कोपऱ्यांना. दोन्ही."

वाऱ्याने फडकं स्वतःवरच दुमडलं तर ते पुन्हा तापायला लागतं, म्हणून कोपऱ्यांना चिमटे. एक लावून पळणाऱ्या दोघा पोरांना बाईंनी किती वेळा परत बोलावलं होतं, खेळ अर्धवट टाकून, ताटावरून उठवून. पलीकडे त्याने नाक ओढलं. "मग आई आहे," तो म्हणाला. "आहे अजून."

बाई जवळ आल्या होत्या. "कोण आहे? हा आहे का? दे इकडे." त्यांनी फोन घेतला, कानाला उलटा लावला, त्याने सरळ करून दिला. "काय रे? हा बघ, तेलाचं फडकं कपाटात कोंबून गेला, आणि आता चपला घालून तालमीत नाचतोय. मी विसरते म्हणून मला न्यायला येणार म्हणत होतास ना? विसरतो हा. न्यायचंच असेल तर याला ने." पलीकडून हसू ऐकू आलं, ते रडण्यासारखंही ऐकू येत होतं. बाई ऐकत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. "बरं. गॅस नको म्हणतोस तर विजेची शेगडी आण, मला काय. पण ती आपली आपण बंद होणारी आण. हो. हो रे. येताना जुना सुती सदरा आण, फडकी संपत आलीत." आणि फोन त्याच्या हातात देत, "हा येणार आहे म्हणे पुढच्या आठवड्यात. राहायला. न्यायला नाही." मग, "तू चहा घेतलास का?"

"नाही अजून," तो म्हणाला. त्याला हेही बरं वाटलं. हा विसर असाच राहणार होता, वाढणारही होता, हे त्याला दिसत होतं. पण तो आज या घराला जाळायला आलेला नव्हता. चहा तीनदा विचारला तर तीनदा हो म्हणता येतं.

चहा त्याने केला. शेगडीचं बटण बंद केलं, पुन्हा वाकून बघितलं. मावशींचा फोन येऊन गेला, "मालकाला सांगितलं तुझं पोट बिघडलंय, आता दोन दिवस पोट धरून चाल." मग घाई अशी काही उरलीच नाही. काठ्यांतली एक त्याने काढली, ती गाठीची. डोळ्याच्या जरा वर एक ताजी खळी होती, रविवारच्या सरावातली. सकाळी तिच्यावरून तेलाचा हात फिरला होता, पण ती त्याला दिसलीच नव्हती. वरचं ओलं तेल त्याने कोरड्या चिंधीने पुसून काढलं. ती चिंधी घेऊन तो आधी अंगणात गेला, दोरीवर टाकली, दोन्ही कोपऱ्यांना चिमटे लावले, आणि मगच परत आला. बाईंनी न सांगता इस्त्री लावून ठेवली होती, पाण्याची वाटी भरून ठेवली होती. त्याने ओलं फडकं खळीवर ठेवलं आणि इस्त्रीचं टोक टेकवलं. चुस्स झालं. खोलीत वाफेचा, ओल्या लाकडाचा वास पसरला, करपल्याचा नव्हे. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. दोन ओळी होत्या, त्यातली एक त्या म्हणत आणि दुसऱ्या ओळीशी थांबत. दुसरी तो म्हणे. फडकं उचललं तेव्हा खळी अजून अर्धीच भरली होती. "घाई नको," बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "येते ती वर."